जुन्या फर्निचरला चॉक पेंट: जिथे हात लागतो तिथलाच रंग उडवायचा

नाशकात पंचवटीतलं आत्याचं घर रिकामं करायला घेतलं तेव्हा ज्याने त्याने आपापल्या आवडीचं उचललं, कुणी पितळी बंब नेला, कुणी घंगाळं, आणि माझ्या वाट्याला आलं एक फडताळ, म्हणजे सगळ्यांनी नको म्हटलं म्हणून आलं. साडेतीन फूट उंची, दोन दारं, खाली एक खण, वर कधीतरी मारलेला चॉकलेटी ऑइलपेंट आणि त्याच्याखाली त्याहून जुना हिरवा. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे काय गोदामातलं उचलून आणलंस?" आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

आता ते हॉलमध्ये आहे आणि आल्यागेल्याला त्या स्वतःच कौतुकाने दाखवतात. त्यानंतर मी दोन चौरंग, एक खुर्ची आणि एक सागवानी टीपॉय असं सगळं रंगवलं, त्यातला टीपॉय दोनदा करावा लागला कारण पहिल्यांदा तो पूर्ण वाया गेला होता, ते पुढे सांगतेच. बऱ्याच जणी विचारतात कसं केलं म्हणून, तर एकदा बसून सगळं सविस्तर लिहून टाकते.

आधी चॉक पेंट म्हणजे काय ते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या ॲनी स्लोन नावाच्या बाईंनी १९९० साली हा रंग बाजारात आणला आणि 'चॉक पेंट' हे नाव त्यांच्याच कंपनीचा ट्रेडमार्क आहे, बाकीचे लोक म्हणून 'चॉक स्टाइल', 'चॉक फिनिश' असं काहीतरी लिहितात. शाळेतल्या फळ्याला मारतात तो रंग वेगळा, त्याच्याशी याचा संबंध नाही. यात खडूची भुकटी भरपूर असते म्हणून वाळल्यावर एकदम मॅट दिसतो, चुन्याच्या भिंतीसारखा, हाताला मखमली लागतो, पटकन वाळतो आणि हलक्या हाताने घासला की सहज निघतो. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण सगळी सजावट त्याच्यावरच चालते. ऑइलपेंट घासायला गेलात तर त्याची सालपटं निघतात, हा रंग मात्र पीठ होऊन निघतो आणि खालचा थर हळूहळू वर येतो.

काय रंगवायचं नाही

चांगलं सागवान किंवा शिसवी लाकूड, ज्याचं पॉलिश फक्त जुनं झालंय, ते रंगवू नका. वाड्याचे कोरीव खांब, तुळया, जुन्या दिवाणखान्याची दारं तर अजिबातच नाही, नाशकात वाडे पाडताना असं लाकूड विकायला निघतं आणि लोक घरी आणून त्याला पांढरा फासतात, बघून जीव कळवळतो. रंग त्यालाच द्या ज्याच्यावर आधीच वाईट रंग बसलाय, किंवा जे साधं लाकूड आहे, प्लाय आहे, तीन ठिकाणी लांबी भरलेलं आहे.

सनमायकावर बसतो का, हा प्रश्न हमखास येतो. बसतो, पण टिकेलच असं नाही. २२० नंबरच्या पेपरने चकाकी पूर्ण मारायची, गुळगुळीत पृष्ठभाग धरून ठेवणारा प्राइमर एक हात द्यायचा आणि मगच रंग, आणि एवढं करूनही रोज ताटं सरकवायच्या टेबलावर मी ते करणार नाही. बाळाच्या पाळण्याला पण नको, मुलं कडा चावतात.

आणि लाकडात कीड आहे का ते आधी बघा. बारीक भोकं आणि खाली जमिनीवर पिठासारखा भुसा पडत असेल तर आत भुंगेरा आहे, त्याचं औषध आधी, नाहीतर सहा महिन्यांनी तुमच्या सुंदर पेंटला भोकं पडलेली दिसतील.

हवा

आपल्याकडे या कामाला फेब्रुवारी-मार्च बेस्ट, नाहीतर मग पाऊस गेल्यावर दिवाळीआधीचे दिवस. जुलै-ऑगस्टला हात लावू नका, गंगापूर रोडला एका मैत्रिणीने श्रावणात स्टूल रंगवलं तर रंगावर शेवटी लावतात त्या मेणाखाली ओल अडकून पांढरट धुरकट डाग आले. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उलटा त्रास, रंग ब्रशमध्येच वाळायला लागतो, ब्रश ओढला की रेघा उमटतात, अशावेळी सकाळी लवकर करा आणि रंगात चमचाभर पाणी जास्त. थंडीत निफाडकडचा गारठा इकडेही येतो, त्या सकाळी इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग ज्यात आपण खडू मिसळणार, नीट धरत नाही, आणि मेण तर दगड होतं, म्हणून अकरा वाजेपर्यंत थांबा, गॅलरीत ऊन आलं की मग.

सामान

मेन रोड, रविवार कारंजा या पट्ट्यातल्या जुन्या हार्डवेअरच्या आणि रंगाच्या दुकानांत सगळं मिळतं. इम्पोर्टेड डबा मी एकदा ऑनलाइन बघितला, किंमत बघितली आणि गुपचूप मोबाईल ठेवला. घरी केलेलं मिश्रण आपल्या कामाला पुरतं.

भिंतीला मारायचं मॅट फिनिशचं इमल्शन लागेल, चकचकीत नको. खडूची भुकटी, दुकानात व्हायटिंग किंवा चॉक मिट्टी म्हणून मागा. लाखेचं पॉलिश, म्हणजे फ्रेंच पॉलिश, तयार मिळतं. पॉलिश पेपर १२०, २२० आणि ४०० नंबरचे, शिवाय दोन-तीन वॉटर पेपर. दोन ब्रश, एक दीड इंची मऊ केसांचा आणि एक जुना, केस झिजलेला, तो टाकू नका, तोच पुढे सोन्यासारखा उपयोगी पडतो. साधी पांढरी मेणबत्ती, फेविकॉल, मास्किंग टेप, जुन्या सुती साडीच्या चिंध्या, मधमाशीचं मेण, टर्पेंटाइन. नाकाला मास्क, कारण खडूची धूळ छातीत जाते.

एक सांगते, रांगोळी घालू नका. मला एकीने सुचवलं होतं, घरात आहेच की म्हणून. रांगोळी दगडाची भुकटी असते, खरखरीत, रंगात घातली की सगळीकडे कणी लागते. आणि शाळेचे खडू कुटूनही नको, ते बऱ्याचदा जिप्समचे असतात.

तयारी, जिचा सगळ्यांना कंटाळा येतो

रंग द्यायला दोन तास लागतात, तयारीला दोन दिवस. इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट.

कड्या, बिजागऱ्या, मुठी काढून घ्या, एकेका ठिकाणचे स्क्रू वेगवेगळ्या कागदाच्या पुडीत आणि पुडीवर कुठले ते लिहून. पितळी असतील तर चिंचेने नाहीतर पितांबरीने घासून ठेवा, पण अगदी आरशासारख्या नको, थोडा काळपटपणा खोबणीत राहू द्या, नव्या पितळेची मूठ जुन्या रंगावर उपरी दिसते.

मग धुणं. स्वयंपाकघरात राहिलेल्या फर्निचरवर फोडणीचा थर असतो, तो दिसत नाही पण असतो. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड, हिरवी घासणी, मग साध्या पाण्याने दोनदा पुसून एक दिवस वाळू द्या. फडताळ पुसताना पाणी चहासारखं निघालं, तिसऱ्या बादलीला कुठे स्वच्छ झालं.

वर काय लावलंय ते ओळखायला दोन सोप्या गोष्टी. पाण्याचा थेंब टाका, मोत्यासारखा उभा राहिला तर वर मेण किंवा तेल आहे, ते टर्पेंटाइनच्या चिंधीने काढायचं. स्पिरिटचा बोळा कोपऱ्यात घासा, चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे, त्याला काही करायचं नाही, नुसतं घासून पुढे जायचं.

आता जुन्या ऑइलपेंटबद्दल जरा गंभीरपणे. पूर्वीच्या रंगात शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत ९० भागांच्या, आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याच्या आधीच्या डब्याची खात्री कुणी द्यायची? म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही, मशीन लावायचं नाही, ब्लोअरने जाळायचा तर नाहीच. वॉटर पेपर ओला करून, पृष्ठभाग ओला ठेवून हलकं घासायचं, चकाकी गेली की बस. निघालेला चिखल चिंधीने पुसून ती चिंधी फेकून द्यायची, खाली पेपर पसरलेले असतील ते गुंडाळून टाकायचे, लहान मुलांना तेवढा वेळ आत ठेवायचं. रंग सुटलेला नसेल तर लाकूड उघडं पडेपर्यंत खरवडायची गरज नाही. सालपटं सुटलेली असतील तिथे तेवढीच ओली करून पत्रीने काढा आणि खड्डा लांबीने भरा.

घासायच्या आधी मात्र फडताळाचे फोटो काढून ठेवले, आणि या सगळ्या लेखात मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही. त्या चॉकलेटी रंगातून हिरवा कुठे दिसत होता माहितीये? कडीच्या बाजूला अंगठ्याएवढ्या जागेत, कारण आत्या दार लावताना तिथे अंगठा दाबायची. वरच्या फळीच्या पुढच्या कडेला उजवीकडे, कारण खालचा खण उघडायला वाकताना ती तिथे हात टेकायची. आणि तळाला, जिथे केरसुणी आणि पाय लागतात. बाकी कुठेच नाही. चाळीस वर्षं एका बाईचा हात जिथे लागला तिथेच रंग गेला होता. दुकानातलं 'अँटिक लुक' फर्निचर बघा, चारही कडा सारख्या घासलेल्या असतात, म्हणून ते खोटं वाटतं. तुमची वस्तू घासायच्या आधी दहा मिनिटं नुसती वापरून बघा, दार उघडा, खण ओढा, खुर्चीवर बसा आणि उठताना हात कुठे टेकता ते बघा, तिथे खडूने खुणा करून फोटो काढा.

लाखेचा हात, आणि माझा बिघडलेला टीपॉय

टीपॉय सागवानी होता, पाय वेगळ्याच लाकडाचे, वरची फळी मधेच जोडलेली, म्हणून रंगवायला घेतला. पेपर मारला आणि थेट क्रीम कलर दिला. संध्याकाळी काय सुंदर दिसत होता! सकाळी बघते तर जागोजागी पिवळे-तपकिरी डाग, कुणी चहा सांडल्यासारखे. दुसरा हात दिला, डाग वर आले. तिसरा दिला, तरी आले. तेव्हा एका ओळखीच्या सुतारकाकांना विचारलं, ते म्हणाले, "ताई, लाकडाचा रंग आहे तो, तुम्ही दहा हात द्या, तो येणारच."

झालं असं की सागवान, शिसम अशा लाकडात टॅनिन आणि रंगीत द्रव्यं असतात, पाण्याचा रंग लावला की ती त्या पाण्यात विरघळून वर येतात. त्याला अडवायला लाख लागते, कारण लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये असतं आणि वाळल्यावर पाण्यात विरघळणारे डाग त्यातून वर येत नाहीत. चिंधीचा बोळा करून किंवा मऊ ब्रशने पातळ हात, अर्धा-पाऊण तास थांबून दुसरा, मग ४०० ने नुसता हात फिरवल्यासारखा पेपर. सागवान तेलकट असतं म्हणून त्याआधी स्पिरिटने पुसून घ्या. गॅस बंद, खिडक्या उघड्या, देवापुढे निरांजन चालू नाही ना ते बघा.

फडताळालाही मी सगळीकडून लाख दिली, जुना रंग आत बंद झाला पाहिजे म्हणून. पुढे जे काही उडवायचं ते आपण दिलेल्या थरातलंच उडवायचं, जुन्या रंगापर्यंत पेपर पोचू द्यायचा नाही.

मिश्रण

तीन वाट्या इमल्शन, एक वाटी खडूची भुकटी, अंदाजे अर्धी वाटी पाणी. भुकटी थेट रंगात टाकलीत तर गुठळ्या होतात, त्यामुळे आधी भुकटीत थोडं थोडं पाणी घालून भज्याच्या पिठासारखं करायचं, चमच्याने फेटायचं, मग ते रंगात ओतायचं. ताजं दही घोटल्यावर जसं होतं तसं दाट पाहिजे. जुन्या पायमोज्यातून गाळून घ्या, हे नाटक वाटेल पण एक कणी सबंध दारावर रेघ ओढते.

खडूऐवजी पीओपी पण घालतात. त्याचा थर जास्त टणक होतो पण ते पाण्यात पडलं की घट्ट व्हायला लागतं, तेव्हा लागेल तेवढंच करायचं आणि पटापट संपवायचं. मला एका दुकानातून जुनं, हवा लागलेलं पीओपी मिळालं होतं, त्याचे खडेच खडे, तेव्हापासून मी खडूच्या भुकटीवरच आहे. त्यातलं उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस राहतं.

भुकटी जास्त झाली तर रंग पिठूळ होतो, वाळल्यावर हात फिरवला की बोटाला लागतो. तसं झालं तर आणखी इमल्शन घाला. आणि भुकटी पांढरी असल्याने कुठलाही रंग एक-दोन शेड फिका होतो, गडद निळा किंवा गडद हिरवा पाहिजे असेल तर इमल्शन तुम्हाला हवं त्याहून गडद घ्या किंवा स्टेनरच्या, म्हणजे रंगछटा गडद करायच्या द्रवाच्या, बाटलीतले थेंब वाढवा. शेवटी मेण लावलं की रंग पुन्हा थोडा खोल होतो, त्यामुळे प्लायच्या तुकड्यावर रंग, वर मेण असा नमुना करून बघितल्याशिवाय ठरवू नका.

फडताळाला आतबाहेर मिळून दोन रंगांचं साधारण अर्धा-अर्धा लिटर लागलं.

थर

पहिला थर कसाही दिसतो, घाबरू नका, पट्टे पट्टे दिसतात, मला तर रडू आलं होतं. पातळ द्या, तासभर वाळू द्या, मग दुसरा. ब्रश कुठल्या दिशेने मारायचा? गुळगुळीत हवं असेल तर लाकडाच्या रेषेने, लांब हात मारून, आणि वाळत आलेल्या जागेवर परत ब्रश फिरवायचा नाही. जुनाट पोत हवा असेल तर आडवं-उभं-तिरकं, रंग जरा जाडसर ठेवून. दुसरा थर वाळल्यावर ४०० चा पेपर नुसता फिरवला की ती मखमल येते.

नीट धरलाय का ते तपासायचं असेल तर एक दिवसाने मागच्या बाजूला ब्लेडने बारीक फुली मारा, त्यावर सेलोटेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपला रंगाचे तुकडे आले तर खालची तयारी कच्ची आहे, पुढे जाऊ नका.

मेणबत्तीची युक्ती

दोन रंग दिसायचे तर हीच सगळ्यात सोपी आणि माझी सगळ्यात आवडती. फडताळाला मी खालचा थर शेवाळी हिरवा दिला, आत्याच्या हिरव्याच्या जवळ जाणारा. तो पूर्ण वाळल्यावर फोटोतल्या खुणांच्या जागी मेणबत्ती घासली, कडीपाशी, वरच्या फळीच्या उजव्या कडेला, तळाला, बस. मेणबत्ती आडवी धरून कडेवरून दोन-तीनदा, जोर न लावता, मधे मधे सुटलं तर सुटू दे. मग मेणाचे सुटे कण झटकून वर मोतिया रंगाचे दोन हात.

वर वाळला की तास-दोन तासांनी २२० चा पेपर त्या जागांवर हलका फिरवायचा. मेणावर रंग धरलेलाच नसतो, त्यामुळे तो लगेच सुटतो आणि हिरवा वर येतो, कडा वेड्यावाकड्या, अगदी खऱ्यासारख्या. एक घासा, चार पावलं मागे जा, बघा, मग दुसरं. जास्त घासलं गेलं तर वरचा रंग बोटाने लावून झाका, यात लपवाछपवीला खूप वाव आहे. पेपरऐवजी ओली चिंधी पण चालते, रंग दिल्यावर पहिल्या काही तासांतच, त्याने कडा मऊ येतात आणि धूळ उडत नाही. सजावटीचं मेण लावण्याआधी मेणबत्तीचा चिकटपणा राहिला असेल तर कोरड्या चिंधीने खसखसून पुसा.

कोरडा ब्रश

तो झिजलेला ब्रश आता काढा. टोकाला जेमतेम रंग, मग पेपरवर पुसून पुसून ब्रश जवळपास कोरडा, आणि मग नक्षीवरून, जाळीवरून, खुर्चीच्या कातीव पायांवरून नुसता फिरवायचा. उंच भागालाच रंग लागतो, खोबण गडद राहते. माझ्या खुर्चीला गडद निळ्यावर राखाडी असं केलंय. साध्या सपाट प्लायवर हे करू नका, तिथे नुसते ब्रशचे ओरखडे दिसतात.

फेविकॉलच्या भेगा

जुन्या भिंतीसारख्या भेगा पाहिजेत तर खालचा रंग वाळल्यावर फेविकॉलमध्ये थोडं पाणी मिसळून एक हात द्या. बोट लावलं की चिकटतं पण बोटाला लागत नाही, अशा वेळी वरचा रंग द्यायचा, एकाच दिशेने, एका जागेवर एकदाच ब्रश. दुसऱ्यांदा फिरवलात की लगदा होतो. वरचा रंग आकसतो, खालचा डिंक अजून ओला असल्याने त्याला धरून ठेवत नाही, आणि पाच-दहा मिनिटांत डोळ्यांसमोर भेगा पडायला लागतात, बघायला काय मजा येते. डिंक जाड तर भेगा मोठ्या, पातळ तर बारीक. एप्रिलची कोरडी हवा इथे मात्र कामाची. चौरंगाच्या चार पायांवर केलंय, वरच्या फळीवर नाही, कारण फेविकॉल पाण्याने सुटतो आणि चौरंगावर पाणी सांडणारच. पूर्ण फर्निचरला भेगा केल्या तर ते आजारी दिसतं, हे माझं मत.

पैठणीचा काठ

फडताळाच्या दारांवर काहीतरी हवं होतं. फुलांची विलायती स्टेन्सिल मिळतात पण म्हटलं, येवला आपल्याच जिल्ह्यात आणि आपण गुलाबाची माळ का काढायची? आईच्या पैठणीच्या काठावर आसावली वेल आहे, काठ सपाट पसरून बरोबर वरून फोटो काढला, प्रिंट मारली, दाराच्या पट्टीच्या रुंदीएवढी लहान करून घेतली.

स्टेन्सिलला जुनी एक्स-रे फिल्म एक नंबर, घरात असतेच कुणाच्या तरी गुडघ्याची. खाली काच ठेवून धारदार कटरने कापायची. कापताना एक लक्षात ठेवा, मधला भाग सुटून पडू नये म्हणून जागोजागी बारीक पूल ठेवावे लागतात, पानाच्या मधली शीर, फुलाचा गाभा, सगळं कुठेतरी कडेला जोडलेलं राहिलं पाहिजे. पहिल्यांदा माझी पूर्ण वेलच खाली गळून पडली.

छापताना कोपऱ्यातून सुरू करू नका. पट्टीचा मध्य काढा, तिथे पहिला छाप, मग दोन्ही बाजूंना, म्हणजे दोन्ही टोकांना नक्षी सारखीच तुटते. टेपने घट्ट बसवा, आखूड केसांचा ब्रश जवळजवळ कोरडा, आणि ओढायचा नाही, उभा धरून ठोकायचा. रंग जास्त झाला की फिल्मच्या खाली पाझरतो. एका जाड हातापेक्षा दोन विरळ हात. दर तीन-चार छापांनी फिल्म पुसा. सोनेरी रंग मी वापरला नाही, मोतियावर गेरूसारखा लाल घेतला, आणि वाळल्यावर ४०० ने वेलीवरून एक हलका हात, म्हणजे ती दारावर चिकटवल्यासारखी न दिसता दारातूनच उमटल्यासारखी दिसते.

मेण

हा रंग उघडा ठेवला तर पाण्याचा, तेलाचा, हाताचा प्रत्येक डाग पितो. त्यामुळे एक रात्र वाळू देऊन मग मेण.

घरी करायचं तर १०० ग्रॅम मधमाशीचं मेण किसून घ्या, किसणी वेगळी ठेवा, स्वयंपाकाची घेतलीत तर घरात वाद, आणि काचेच्या बरणीत साधारण ३०० मिली टर्पेंटाइनमध्ये टाकून झाकण लावून ठेवा. एक-दोन दिवसांत आपोआप विरघळून लोण्यासारखं होतं, थंडीत जास्त लागतात. गॅसवर वितळवायच्या भानगडीत पडू नका, टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. जवसाचं तेल घालायचा सल्लाही मिळेल, मी घालत नाही, त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेटू शकतात, वापरल्याच तर उघड्यावर पसरून वाळवा.

चिंधीवर थोडंसं घेऊन गोल गोल चोळत लावा, काटकसरी बाई पोळीला तूप लावते तितकंच. दहा मिनिटांनी कोरड्या चिंधीने जास्तीचं पुसून काढा. बोट फिरवलं आणि ठसा उमटला तर मेण जास्त आहे, अजून पुसा. दुसऱ्या दिवशी दुसरा हात.

नक्षीच्या खोबणीत जुनाट काळपटपणा हवा असेल तर त्याच मेणात बर्न्ट अंबरची, म्हणजे गडद तपकिरी रंगाची, कोरडी भुकटी चिमूटभर मिसळून गडद मेण करा. पण ते थेट रंगावर लावू नका, रंग ते पिऊन टाकतो आणि डाग कायमचा बसतो. आधी साधं मेण, त्यावर गडद, आणि जास्त झालं तर परत साध्या मेणाच्या चिंधीने पुसलं की निघतं. गेरू मिसळून बघितला होता, सबंध खण कुंकू सांडल्यासारखा दिसायला लागला, तो प्रयोग तिथेच थांबवला.

टीपॉयला मात्र मेण नाही, पाण्यातलं मॅट पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पारदर्शक पॉलिश, दिलं, तीन पातळ हात. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशाला वितळतं, गरम चहाचा कप ठेवला की गोल उठलाच. डायनिंग टेबल, टीपॉय, ओट्याजवळचं काहीही असेल तर पीयूच, आणि ते पाण्यातलंच घ्या, थिनरचं घेतलंत तर पांढरा पिवळा पडतो. दोन्ही एकावर एक करायला जाऊ नका, मेणावर पीयू बसत नाही.

मेण हाताला कोरडं लागलं तरी आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात, तोपर्यंत वर फुलदाणी ठेवायची असेल तर खाली कापड, ओल्या फडक्याने पुसणं बंद, दाराच्या आणि खणाच्या कडांना पेपरची पट्टी लावून ठेवा नाहीतर ते चौकटीला चिकटतात. नंतरही पुसायला नुसतं पिळलेलं ओलं फडकं, फिनाइल आणि काचेचा स्प्रे नको.

आमच्याकडे आता कामाला येणाऱ्या मावशी, सासूबाई आणि मी, तिघी ते दार लावतो आणि तिघींचा अंगठा कडीच्या बाजूला त्याच जागी जातो. तिथला मोतिया जरा जास्तच गेलाय, मी घासलेला किती आणि आपोआप गेलेला किती ते आता मला सांगता येत नाही. खालची लाख उघडी पडू नये म्हणून तेवढ्या जागेवर वर्षातून दोनदा मेणाचा हात देते, दसऱ्याला आणि होळीच्या आसपास, बाकी फडताळाला एकदाच.